चिठ्ठी दिली, पुढे काय?

दिव्यांग मुलाला शाळेत दाखल करून घेतलं की समावेशन झालं, असं आपण समजतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण हा हक्क वापरायला जी मदत लागते, ती सगळी शाळेच्या आवारात नसते.

समजा, तिसरीतल्या एका मुलीला नीट ऐकू येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा मुलांना तपासतं. शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात जायची चिठ्ठी मिळते. इथपर्यंत व्यवस्था आहे. पण जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे आईवडिलांची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. कधी एका फेरीत काम होत नाही. मग चिठ्ठी दप्तरातच राहते.

बरं, श्रवणयंत्र मिळालं असं धरू. मूल वाढतं तसा कानही वाढतो. कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवायला लागतं, सेल संपतात. मुलगी ते काढून ठेवते. आरोग्य विभागाच्या कागदावर ‘यंत्र दिले’, शाळेच्या हजेरीपटावर ‘हजर’. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि मुलीला वर्गात काहीच ऐकू येत नाही!

मग भागीदारी कशाला म्हणायचं? बैठका व्हाव्यातच. पण प्रत्येक मुलामागे पाठपुरावा करणारा एक माणूस ठरलेला हवा. वर्गशिक्षकांनी यंत्र चालू आहे का ते रोज बघायचं. बंद असेल तर तालुक्याच्या विशेष शिक्षकांना फोन करायचा. घरी आशाताईंनी बोलायचं. आणि हे सगळं पालकांना विचारून, मुलीचा गवगवा न करता.

पैशाचं काय? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून अशा मुलांसाठी काय करता येईल, हे ग्रामसभेत विचारा.

किती मुलं तपासली, हा आकडा तुम्हाला सहज मिळेल. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जण केंद्रात पोचले आणि आज किती जणांचं यंत्र चालू आहे, हेही विचारा. उत्तर द्यायला कुणी एक पुढे आला, तर तुमच्या गावात भागीदारी आहे असं समजा.