पाठविलेली फाइल पोहोचत का नाही?

गेल्या वर्षी याच अंकासाठी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मुद्रणालयाच्या सर्व्हरवर पाठविण्याचे काम मजकडे आले. प्रवेश तात्काळ मिळाला. परंतु पुढे फाइलींची यादी काही केल्या दिसेना. परवलीचा शब्द मी चार वेळा पुन्हा लिहिला. दोष तेथे नव्हताच!

अशा देवघेवीच्या नियमांस एफटीपी म्हणतात. त्यांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटी येथे असताना लिहिला. हे गृहस्थ कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

या पद्धतीत दोन वाटा असतात. २१ क्रमांकाच्या पोर्टावरून केवळ हुकूम व त्यांची उत्तरे जातात. प्रत्यक्ष फाइल किंवा यादी दुसऱ्या वाटेने येते. 'ॲक्टिव्ह' प्रकारात ही दुसरी वाट सर्व्हर आपल्या संगणकाकडे उघडू पाहतो, आणि आपल्या दारावरचा फायरवॉल त्यास परका समजून अडवितो. 'पॅसिव्ह' प्रकारात दोन्ही वाटा आपलाच संगणक उघडतो. तेवढा बदल करताच यादी दिसू लागली.

मग छायाचित्रे गेली, पण तिकडे ती उघडेनात. याचे कारण मोठे मौजेचे आहे. ओळ संपल्याची खूण विंडोजमध्ये १३ व १० अशा दोन अंकांनी होते, तर लिनक्समध्ये केवळ १० ने. 'आस्की' प्रकाराने विंडोजवरून लिनक्सकडे पाठविताना १३-१० ही जोडी दिसेल तेथे १३ गळतो. लेखाच्या बाबतीत हे योग्यच. परंतु चित्रात तीच जोडी ओळीची खूण नसून चित्राचाच अंश असते, आणि ती मोडली की चित्र बिघडते. म्हणून चित्रे 'बायनरी' प्रकारानेच पाठवावीत, व दोन्हीकडील बाइटांची संख्या जुळवून पाहावी.

सर्व्हरचे उत्तर तीन अंकी असते. ५३० म्हणजे प्रवेश नाकारला; ५५० म्हणजे फाइल सापडत नाही अथवा परवानगी नाही; ४५२ म्हणजे जागा अपुरी. आरंभी ४ असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा यत्न करावा. ५ असेल तर तोच हुकूम पुनःपुन्हा देणे व्यर्थ. ५५० आल्यास नावातील इंग्रजी मोठी-लहान अक्षरे आधी तपासावीत, कारण लिनक्स त्यांस भिन्न मानतो. माझ्या पडद्यावर पहिल्यापासून ४२५ झळकत होता: 'दुसरी वाट उघडता येत नाही.' मी तो वाचलाच नव्हता.