पेंटबॉलला निघताना थैलीत काय काय असावे?

सहलीला निघताना घरातले जाणते माणूस मुलांच्या कपड्यांचा एक जोड जास्तीचा घेते, गाडीत स्टेपनी आहे की नाही ते पाहते. पेंटबॉल खेळायला निघालेली तरुण मंडळी मात्र बहुधा खेळाच्या उत्साहात असतात. मैदान शहरापासून दूर, आसपास दुकान नाही आणि दहा वाजताच कोणाच्या तरी सिलिंडरमधून ‘स्स्स’ असा आवाज येऊ लागतो. काही रुपयांची एक रबरी रिंग नाही म्हणून त्याचा सारा दिवस झाडाखाली बसून जातो.

दिवस वाया जाणे ही तशी लहान गोष्ट. खरा धोका वेगळाच असतो. जवळ पर्यायी वस्तू नसली की माणूस आहे त्यावरच निभावून नेऊ पाहतो. काच धुरकटली तर मास्क क्षणभर वर करतो, गळती लागली तर चिकटपट्टी गुंडाळतो. या खेळात असे निभावून नेणे महागात पडते.

लाकूडतोड्यांच्या साधनातून जन्मलेला खेळ

हा खेळ अमेरिकेतला. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी तो पहिल्यांदा खेळला. त्यांच्या हातात होते ‘नेलस्पॉट ००७’ नावाचे पिस्तूल. तोडायची झाडे आणि कळपातली गुरे यांच्यावर लांबून रंगाची खूण करण्यासाठी ते वापरले जाई. त्या दिवशी रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा गडी एकही गोळी न झाडता जिंकला!

आजही खेळाडू त्या साधनाला बंदूक न म्हणता ‘मार्कर’च म्हणतात. त्यातून सुटणारी गोळी जिलेटिनच्या आवरणाची, जवळजवळ औषधाच्या कॅप्सूलसारखी असते. तिचा व्यास ०.६८ इंच म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. आतला रंग पाण्याने धुऊन जातो. पण मैदानावर वेगाची जी कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते, ती सेकंदाला ३०० फूट आहे. हा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. अंगावर बसली तर निळा वण उठतो, उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते.

सर्वांत आधी डोळे

म्हणूनच थैली भरताना पहिला प्रश्न ‘काय जास्त वेळा मोडते’ हा नसावा. ‘कशावाचून खेळ थांबवायलाच हवा’ हा असावा. त्याचे उत्तर एकच, मास्क. मार्कर बिघडला तर मित्राचा मागून घेता येतो, मास्कच्या बाबतीत तशी सोय नसते. पेंटबॉलमध्ये डोळ्यांना झालेल्या ज्या गंभीर दुखापती डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या वेळी मास्क घातलेलाच नव्हता किंवा मध्येच काढला होता. मास्क मध्येच काढायला लावणारे एक नेहमीचे कारण म्हणजे काचेवर धरणारी वाफ.

तेव्हा एक जास्तीची काच नक्की घ्यावी. ती त्याच कंपनीची, त्याच मास्कसाठी बनवलेली असावी. दोन थरांची ‘थर्मल’ काच वाफ कमी धरते, पण तिच्या थरांमध्ये पाणी शिरले की ती निकामी होते. काच पुसायला मऊ कापड आणि साधे पाणी पुरते. स्पिरिट किंवा थिनर यांनी ही प्लॅस्टिकची काच ठिसूळ होऊ शकते. तडा गेलेली काच पुन्हा वापरू नये, लगेच टाकून द्यावी. शक्य असेल तर अख्खा मास्कच दुसरा ठेवावा. नळीच्या तोंडावर बसवायची कापडी टोपीही दोन असाव्यात. खेळ थांबल्यावर चुकून सुटलेली गोळी तीच अडवते.

कुकरची रिंग, सिलिंडरची रिंग

कुकरची रिंग झिजली की शिटी होत नाही, हे प्रत्येक घराला माहीत असते. मार्करचेही तसेच आहे. त्याचे सारे बळ दाबाखालच्या वायूत आणि तो वायू अडवून धरतात ‘ओ-रिंग’ म्हणजे लहान रबरी कड्या. सिलिंडरच्या तोंडाशी असलेली कडी सर्वांत लवकर फाटते. तिच्या पाच-सहा प्रती आणि आतल्या भागांच्या मापाच्या दोन-दोन कड्या एका लहान डबीत मावतात. कार्बन डायऑक्साइडसाठी युरेथेनच्या कड्या चांगल्या, कारण साधे रबर हा वायू शोषून फुगते.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू असतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब फारसा बदलत नाही. म्हणून सिलिंडर किती भरले आहे हे घरातल्या गॅससारखे वजनावरूनच कळते. थंडीत त्याचा दाब उतरतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत धोकादायक वाढतो. दाबाखालची साधी हवा भरलेल्या सिलिंडरमध्ये मात्र काट्यावरून अंदाज येतो. या हवेच्या सिलिंडरच्या भरण्याच्या तोंडाला कधीही तेल लावू नये. जोराने शिरणाऱ्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेऊ शकते.

याखेरीज त्या मार्करच्या मापाच्या अ‍ॅलन किल्ल्या, मार्करसाठी सांगितलेले तेल, एक जास्तीची स्प्रिंग, दोन गोळ्या एकदम शिरू न देणारा लहान रबरी अडसर, नव्या बॅटऱ्या आणि नळी साफ करायची दांडी एवढे असले म्हणजे झाले. नळीत गोळी फुटली तर पुढच्या गोळ्या वाकड्या जातात. तेव्हा दांडी थैलीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी.

एक नियम मात्र विसरू नये. मैदानावर स्प्रिंग किंवा आतला कोणताही भाग बदलला, तर खेळात परतण्याआधी गोळीचा वेग यंत्रावर पुन्हा मोजून घ्यावा. दुरुस्तीनंतर वेग मर्यादेबाहेर गेलेला मार्कर बंद पडलेल्या मार्करपेक्षा वाईट.

गोळ्यांनाही हवा बाधते

जिलेटिनच्या गोळ्या दमट हवेत फुगतात, मऊ पडतात आणि थंडीत ठिसूळ होतात. पाण्याच्या बाटल्यांबरोबर किंवा बर्फाच्या डब्यात त्या ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवाव्यात. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा भरण्याची काटकसर टाळावी. चिकटलेली माती आणि ओल नळीत जाते आणि गोळी आतच फुटते.

भाड्याच्या सामानाने खेळताना

लोणावळा, बंगळूर किंवा गुरुग्रामच्या परिसरात आपल्याकडे हा खेळ खेळला जातो, तेव्हा बहुधा मार्कर आणि मास्क मैदानाचेच असतात. तिथे रिंगा आणि स्प्रिंगा न्यायची गरज नाही. पण मास्क हातात आला की काचेला तडा नाही ना, मागचा पट्टा सैल नाही ना, हे पाहावे आणि शंका आली तर बदलून मागावा. त्यात संकोच कसला? चष्मा असणाऱ्यांनी तो मास्कखाली नीट बसतो का, हे आधीच घालून पाहावे. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, हातमोजे, घोटा झाकणारे बूट, मोज्यांचा दुसरा जोड, भरपूर पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी ही थैली भाड्याने मिळत नाही.

सामान आदल्या रात्रीच भरावे. यादी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि त्या दिवशी जे वापरले गेले, ते घरी येताच पुन्हा भरून ठेवावे. आणि वाफेने काही दिसेनासे झाले, तर मास्क तसाच ठेवून हात वर करावा, पंचाला हाक मारावी आणि खेळाच्या हद्दीबाहेर येऊनच काच बदलावी. एक डाव हुकला तरी दुसरा खेळता येतो.