गिटारचा गडगडाट आणि कानांचा हिशेब

रॉक संगीताच्या जुन्या शौकिनाला त्याच्या आठवणी विचारा. गाणी कोणती झाली हे तो मागाहून सांगतो. आधी सांगतो तो आवाज. छाती कशी हादरली, घरी गेल्यावर दोन दिवस कानांत कसे घूं घूं वाजत राहिले, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. लढाईवरून परतलेल्या शिपायाने जखम दाखवावी तसे. उपमा मी जाणून घेतली आहे, कारण ती खरोखर जखमच असते.

मुळात एवढा आवाज हवाच कशाला? कारणे दोन. १९६०च्या सुमारास सभागृहांतील कर्णे भाषणापुरते असत. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोहोचवायची, तर वादकाच्या स्वतःच्या अँप्लिफायरनेच ते ओझे उचलावे लागे. दुसरे कारण असे, की व्हॉल्व्हचा रेडिओ पुरता मोठा केला म्हणजे आवाज फाटतो, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तो फाटका, गुरगुरता स्वरच गिटारवाल्यांना आवडला. आणि तो यंत्र ताणल्याखेरीज मिळत नसे.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन फेंडर कंपनीचे अँप्लिफायर महाग पडत; म्हणून १९६२ साली त्याच्या दुकानातील केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्याच नमुन्यावरून नवे यंत्र बांधले. पुढे 'द हू' या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने १०० वॅटचे यंत्र आणि बारा इंची आठ स्पीकर एकाच पेटीत मागितले. पेटी झाली, पण ती उचलणाऱ्या हमालांच्या पाठी मोडू लागल्या. तेव्हा चार-चार स्पीकरांच्या दोन पेट्या करून एकावर एक ठेवण्यात आल्या, अशी हकिगत मार्शल सांगत असत. जगभर गाजलेली ती 'मार्शलची भिंत' उभी राहिली ती अशी, ओझे वाहणाऱ्यांच्या तक्रारीतून!

याच 'द हू'ने १९७६ साली लंडनमधील चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर १२६ डेसिबल आवाज केला आणि गिनेसच्या पुस्तकात विक्रम नोंदला गेला. पुढे गिनेसने हा विभागच बंद केला. कान फोडण्याच्या चढाओढीला उत्तेजन नको म्हणून.

आता डेसिबलचा हिशेब पाहू. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तासांची पाळी करावी. ८८ मध्ये चार तास. याच पटीने १०० डेसिबलमध्ये अवघी पंधरा मिनिटे. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या थकल्या म्हणजे कान घुमतो. मेल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहीत. गिरणीच्या साळखात्यात साचे सुरू असताना बोलणे खुणांनीच चाले. तिथल्या माणसाला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रेक्षक दोन तासांनी घरी जातो. वादक, दिवे लावणारा, दारावरचा पहारेकरी रोज तिथेच असतो. त्यांचे काय? ब्रिटनमध्ये २००५ साली कामाच्या जागेवरील आवाजाचे नियम झाले. संगीत आणि करमणुकीच्या धंद्याला ते २००८ पासून लागू झाले. २०१२ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्या संगीताची तालीम करताना क्रिस्टोफर गोल्डशायडर या व्हायोलावादकाचे कान दुखावले. 'ही कला आहे, आवाज तिचाच भाग,' असा मालकपक्षाचा बचाव होता. न्यायालयाने २०१८ साली तो फेटाळला. या नियमांपुढे कारखाना आणि नाट्यगृह यांत भेद नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. २०१९ साली अपील न्यायालयानेही मालकाची जबाबदारी कायम ठेवली.

माझ्या मते या साऱ्या कथेतील मोलाची गोष्ट हीच. आनंद हा कोणाच्या तरी कामाचा ताससुद्धा असतो. आपल्या मिरवणुकीतही ध्वनिवर्धकांची भिंत चालते आणि तिच्या शेजारी एक पोरगा रात्रभर उभा असतो. त्याच्या कानांत बोळे आहेत काय, त्याला मधून विसावा मिळतो काय, हे भाडे ठरवतानाच विचारावे. गाणे त्यामुळे बिघडत नाही. आणि म्हातारपणी त्या पोराला नातवंडांचे बोलणे ऐकू येते.