उनकेश्वरच्या कुंडात उतरण्याआधी

ताडकळस, पूर्णा, पालम या भागातली माणसं माहूरला जातात आणि रेणुकामातेचं, दत्तशिखराचं दर्शन झालं की वाट थोडी वाकडी करून उनकेश्वर गाठतात. पूर्णा जंक्शनवर आदिलाबादकडची गाडी धरली की नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवट येतं. तिथून पुढे रस्त्याने. पैनगंगेच्या काठी महादेवाचं जुनं मंदिर आहे आणि जमिनीतून गरम पाणी वर येतं. पाण्याला गंधकाचा वास आहे.

शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता, त्यांची व्याधी जावी म्हणून श्रीरामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं सांगतात. खाज, नायटा, जुनं अंगदुखणं घेऊन येणारे लोक याच कथेच्या भरवशावर येतात. यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातला शिलालेखही इथला आहे, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही या जागेचं नाव होतं.

गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं: वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे. खानदेशात उनपदेव आहे. मराठवाड्यात मात्र उनकेश्वरचंच नाव पुढे येतं. जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं, भूगर्भातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत त्यात क्षार मिसळतात. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाण्यात आपण साबणाचा फेस सोडतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जपानमध्ये अशा झऱ्यांना ‘ओन्सेन’ म्हणतात. १९४८ साली तिथे या झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावं, नाहीतर ठरावीक खनिजांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असावं, तरच त्याला ओन्सेन म्हणता येतं. पण तिथे खरं राज्य चालतं ते रिवाजाचं. कुंडात उतरायच्या आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं आणि फेसाचा थेंबही उरू द्यायचा नाही. केस लांब असतील तर वर बांधायचे. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. तो काठावर किंवा डोक्यावर घडी करून ठेवतात. पोहणं नाही, डुबक्या नाहीत, मोबाईल तर नाहीच. मात्सुयामा शहरातलं दोगो ओन्सेनचं १८९४ सालचं लाकडी स्नानगृह आजही नांदतं आहे, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

यातलं बरंचसं आपल्याकडेही सांगून ठेवलेलं आहे. गंगेत करू नयेत अशा चौदा गोष्टी धर्मग्रंथांनी मोजून दिल्या आहेत. त्यांत चूळ टाकणं, निर्माल्य सोडणं, अंगाचा मळ चोळणं, खेळणं, कपडे टाकणं आणि चक्क पोहणंही आहे. तीर्थात उतरायचं ते मळ काढून झाल्यावर. ही समजूत आपली स्वतःची होती आणि आपणच ती सोडली. आज तीर्थाच्या काठी शाम्पूच्या पुड्या आणि टाकलेले जुने कपडे दिसतात.

जपानचं सगळंच उचलावं असं मात्र नाही. तिथे अंगावर कपडा घालून पाण्यात उतरत नाहीत. बायका-पुरुषांची कुंडं बहुतेक ठिकाणी वेगळी असतात. आपल्या बायका लुगडं नेसून, साडी नेसून स्नान करतात आणि ते तसंच राहावं. त्यांना हवा आहे तो ओले कपडे बदलायला चार भिंतींचा, कडी लागणारा आडोसा. दुसरी गोष्ट गोंदणाची. गुन्हेगारी टोळ्यांच्या खुणा म्हणून तिथल्या अनेक स्नानगृहांत गोंदवलेल्या माणसाला मज्जाव असतो. २०१३ साली होक्काइदोमध्ये एका माओरी स्त्रीला हनुवटीवरच्या परंपरागत गोंदणामुळे परत पाठवलं होतं. किनवटच्या डोंगरातल्या गोंड म्हातारीच्या हातावरचं गोंदण हा तिचा दागिना आहे. तिला या पाण्यापासून कुणी अडवू नये.

कुंडात उतरताना आधी मगाने पायांवर, मग खांद्यांवर पाणी घ्यावं, म्हणजे अंगाला उष्णतेची सवय होते. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरू नये. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. वाहती जखम असेल तर कुंडात बसण्याऐवजी बाजूला बादलीत पाणी काढून घ्यावं. गरगरलं तर लगेच बाहेर येऊन सावलीत बसावं. लहान लेकरांना फार वेळ बसवू नये. आणि दुसऱ्याच्या आयाबहिणी अंघोळ करत असताना मोबाईल बाहेर काढू नये. काढणाऱ्याला तिथल्या तिथे हटकावं.

त्वचेच्या दुखण्यावर गुण येतो ही लोकांची श्रद्धा आहे. तिच्यापायी चालू औषध कुणी बंद करू नये.

ग्रामपंचायतीला आणि देवस्थानला फार खर्चाचं काही करावं लागणार नाही. कुंडापासून लांब नळ आणि बसायला दगड असावेत, सांडपाण्याची नाली वेगळी काढावी, निर्माल्यासाठी कलश ठेवावा आणि मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावावी. तोवर घरून निघतानाच पिशवीत एक मग आणि बादली घ्या, आणि साबण लावायचा तो कुंडात उतरण्याआधी, दूर बसून.