निष्ठा की नाइलाज?

एखाद्या वस्तूसाठी माणसं पैसे मोजतात, यात नवल नाही. पण ती विकणाऱ्या कंपनीवरच माणसं जीव लावतात, हे तसं दुर्मीळ. १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपल कंपनीचं भारतातलं पहिलं स्वतःचं दुकान उघडलं. दार उघडण्याआधीच बाहेर रांग लागलेली. मुख्याधिकारी टिम कुक स्वागताला दाराशी उभे. एक चाहता तर आपला जुनापुराणा मॅकिंटॉश संगणक उचलून घेऊन आला होता! मिक्सर किंवा फ्रिज बनवणाऱ्या कंपनीच्या वाट्याला असं प्रेम कधी आलेलं मी पाहिलेलं नाही. मग ते ॲपलच्याच वाट्याला का यावं? आणि या प्रेमाचं कंपनी काय करते? आज त्याविषयी थोडं बोलू.

हे प्रेम नुसत्या जाहिरातींनी मिळालेलं नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९९७ साली ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले, तेव्हा तिला थोडी उसंत मिळाली. संगणक म्हणजे मळकट रंगाचं खोकं, असा तो काळ. १९९८ साली ॲपलने अर्धपारदर्शक, निळसर रंगाचा आयमॅक आणला. २००१ साली आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. यंत्राची धास्ती वाटणाऱ्या माणसालाही ते सहज वापरता आलं. यातून जडलेली निष्ठा खरीच होती.

पण निष्ठेच्या जोडीला हळूहळू कुलपंही आली. २००३ साली ॲपलने अमेरिकेत ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली. पैसे मोजून घेतलेलं ते गाणं दुसऱ्या कंपनीच्या खिशातल्या प्लेअरवर मात्र वाजत नसे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच दुकानातून साड्या घेणारी घरं आहेत. पण त्या साडीवरचा ब्लाऊज दुसऱ्या शिंप्याकडून शिवायला दुकानदार बंदी घालत नाही. इथे नेमकी तीच बंदी होती. अर्थात, कुलपाचा आग्रह मूळ ध्वनिमुद्रण कंपन्यांचा होता आणि २००७ साली खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांनीच ते काढावं असं जाहीरपणे लिहिलं, हेही सांगायला हवं. २००९ साली ते निघालं. तोवर ज्यांनी शेकडो गाणी विकत घेतली होती, त्यांना आयपॉड सोडणं महाग पडत होतं.

ही गोष्ट कंपनीच्या ध्यानात नव्हती असं नाही. आयफोनवरून आयफोनवर निरोप पाठवायची ‘आयमेसेज’ ही सोय अँड्रॉइड फोनवर द्यावी का, याची चर्चा २०१३ साली कंपनीत झाली. तशी ती दिली तर आयफोन वापरणारे आईबाप मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, त्यातला अडसर दूर होईल, असं एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलं होतं. एपिक गेम्स कंपनीने भरलेल्या खटल्यात हा पत्रव्यवहार २०२१ साली उघड झाला. आपल्याकडे व्हॉट्सॲपमुळे याची झळ फारशी लागत नाही; अमेरिकेत मात्र ती घराघरात लागते.

सगळ्यांत निष्ठावान गिऱ्हाइकाला काय मिळतं, तेही बघा. पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला. लोकांनी रांगा लावून ५९९ डॉलरला घेतला. सप्टेंबरात त्याची किंमत एकदम ३९९ डॉलर झाली. पहिल्या रांगेतल्यांनी ओरड केली, तेव्हा जॉब्ज यांनी माफी मागून १०० डॉलर देऊ केले. पण रोख नव्हे, तर ॲपलच्याच दुकानात खर्च करण्यासाठी!

याहून मोठा प्रसंग २०१७ सालचा. जुनी बॅटरी ऐनवेळी दगा देऊन फोन बंद पडू नये म्हणून कंपनीने नव्या सॉफ्टवेअरद्वारे जुन्या आयफोनचा वेग कमी केला होता. त्यामागचं तांत्रिक कारण खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. फोन मंदावला की माणूस म्हणणार, ‘झाला आता जुना, नवा घेऊ.’ वास्तविक अनेकांचं काम नुसती बॅटरी बदलून भागलं असतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. २०२० साली फ्रान्समध्ये, ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल, तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दाव्यात, चूक कबूल न करता, तिने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तयारी दाखवली.

माझ्या मते या प्रसंगातून घेण्यासारखा धडा असा, की कंपनी बदलली ती गप्प बसलेल्या भक्तांमुळे नव्हे. तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे, न्यायालयांमुळे आणि कायद्यांमुळे. चार्जरचंच घ्या. २०१२ पासून आयफोनला स्वतःची वेगळी वायर लागे. सर्वांना एकच चार्जर असावा असा कायदा युरोपीय संघाने केला आणि २०२३ च्या आयफोनला इतर फोनसारखीच यूएसबी-सी वायर चालू लागली.

असे डाव ॲपल एकटीच खेळते असं मुळीच नाही. स्वस्त प्रिंटर देऊन महाग शाई विकणाऱ्या कंपन्या आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून कोणतंही देखणं यंत्र घेताना दुकानात तीन प्रश्न जरूर विचारावेत. बॅटरी कोण बदलून देईल आणि किती पैशांत? दुसऱ्या कंपनीचा चार्जर, इअरफोन चालेल का? आणि उद्या हे सोडून दुसरं घ्यायचं झालं, तर माझे फोटो, निरोप, विकत घेतलेली गाणी मला सोबत नेता येतील का? उत्तरं पटली तर वस्तू खुशाल घ्यावी, आवडीने वापरावी. पण पुढे कधी ती खटकली, तर मोकळेपणाने तक्रार करावी. त्यात कसली बेइमानी नाही.