विमानतळावरील झडती

विमानप्रवास आता आपल्या गोव्यात नवलाईचा राहिलेला नाही. पुष्कळ घरांतील कोणी आखातात, तर कोणी विलायतेत नोकरीस असते. तथापि विमानात चढण्यापूर्वी जी झडती द्यावी लागते, तिच्यामागील कारण थोड्यांसच ठाऊक असते. २००६ सालापर्यंत आम्हांसही ते ठाऊक नव्हते.

त्या वर्षी आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. लंडनला आत्याला मुलगा झाला म्हणून आजी, आईबाबा व आम्ही तिकडे गेलो होतो. चतुर्थीसाठी आत्याला व बाळाला घेऊन ११ ऑगस्ट रोजी परतण्याचे ठरले होते. परंतु आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. शीतपेयाच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून अमेरिका व कॅनडाकडे जाणारी विमाने आकाशातच उडवून देण्याचा तो बेत होता.

विमानतळावर पोहोचतो तो माणसांची रांग दाराबाहेर आलेली! हातातील पिशव्या नेण्यास सक्त मनाई. बाबांचा कॅमेरा, आमचे गोष्टींचे पुस्तक, सारे मोठ्या सामानात गेले. पासपोर्ट, पैसे व आवश्यक औषधे तेवढी पारदर्शक पिशवीत ठेवावयाची, चष्मादेखील घरावाचून. बाळाचे दूध आत्याला तपासनिसांसमोर चाखून दाखवावे लागले.

आजीपाशी गंगाजलाची लहानशी बाटली होती. बारशासाठी नेलेले तीर्थ थोडे उरले होते. तपासनीस तरुणीने केराच्या डब्याकडे बोट दाखविले. बाबा संतापून म्हणाले, "आम्ही काय चोर आहोत?" आजी मात्र शांतपणे म्हणाली, "तीर्थ तें, कोयरांत कशें उडोवप?" आणि तिने तेथेच तीन आचमनांत ते पिऊन टाकले. रिकामी बाटली तेवढी डब्यात गेली. ती तरुणी काही बोलली नाही. पण आजीच्या चपला यंत्रातून परत येताच तिने त्या स्वतः उचलून आजीच्या पायांशी ठेवल्या.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुढे वाचनातून मिळाले. या तपासणीतील बहुतेक नियमांमागे एखादा अनर्थ, किंवा थोडक्यात टळलेला अनर्थ, उभा आहे. विमाने पळविण्याचे प्रकार वाढले, तेव्हा अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची तपासणी सुरू झाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जीव गेले. स्फोटकाची बॅग विमानात चढली होती. तिचा धनी मात्र चढला नव्हता. म्हणूनच उतारू न आल्यास त्याचे सामान खाली उतरवितात. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानात एकाने बुटात दडविलेले स्फोटक पेटविण्याचा यत्न केला. सहप्रवाशांनी त्यास आवरले. तेव्हापासून पायताणेही तपासणीत आली.

आता द्रवाविषयी. ज्या चौकटीतून आपण जातो, तिच्यात चुंबकीय क्षेत्र असते; अंगावरील धातूमुळे त्यात फरक पडताच ती वाजते. पाणी तिला कळत नाही. सामानाचे क्ष-किरण यंत्र वस्तूची घनता दाखविते. परंतु त्या काळच्या यंत्रांना साधे पेय व घातक द्रव यांतील भेद खात्रीने ओळखता येत नसे. म्हणून प्रथम सर्वच द्रवांवर बंदी आली. पुढे ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपात १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील तेवढ्या, नेण्याची मुभा मिळाली.

नियम कायमचे नसतात. अनेक कोनांतून चित्र घेणारी नवी यंत्रे आल्यावर काही विमानतळांनी द्रवाची मर्यादा सैल केली आहे. अमेरिकेनेही जुलै २०२५ मध्ये सर्वांनी जोडे काढण्याची सक्ती उठविली. तरी पुष्कळ ठिकाणी १०० मिलिलिटरचा नियम चालूच आहे. तेव्हा लोणचे वा कोकमाचे आगळ मोठ्या सामानात ठेवावे, हेच शहाणपण.

झडती ही कोणाच्या चारित्र्यावरील शंका नव्हे. यंत्र सज्जन-दुर्जन ओळखत नाही, म्हणून सर्वांसच एका चौकटीतून जावे लागते. परंतु झडती घेणाऱ्याने माणुसकी सोडता कामा नये, आणि देणाऱ्यानेही तोल सोडू नये. त्या दिवशी एका बाजूस ती तरुणी होती व दुसऱ्या बाजूस आमची आजी. दोघींनीही आपापला धर्म पाळला. बाबा पुढे प्रत्येक प्रवासात आपले जोडे स्वतःहून काढून ठेवीत, आणि आजीची आठवण काढून हसत.