राष्ट्रीय म्हणजे किती मोठं?



गेल्या काही महिन्यांत मंडळ्यांमध्ये भेटी देताना एक प्रश्न बऱ्याच ठिकाणी आला. "मेळघाटातली रेल्वे आता तुमच्या बाजूने जाणार म्हणतात. मग तिथल्या आदिवासी कुटुंबांचं काय?" दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. मी वकील नाही. धर्मशास्त्राची पदविका आणि सातपुड्याच्या पायथ्याशी केलेलं काही वर्षांचं काम एवढीच माझी शिदोरी. पण वनहक्काचे दावे भरताना कायद्याची पुस्तकं चाळावी लागतात, आणि त्यातलं जे पक्कं समजलं तेवढंच इथे लिहिते.

जळगाव जामोद तालुक्यातल्या एका पाड्यावर बैठक होती. भिलाला आणि निहाल कुटुंबं, साठसत्तर माणसं. मी सांगत होते की हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प म्हणून धरला गेला तर जमीन घेण्याची पद्धत वेगळी असते. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, राष्ट्रीय म्हंजे किती मोठं? आमचं वावर त्याच्यात बसते का नाई, येवढं सांगा." मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण "किती मोठं" याचं माप मी कधी शोधलंच नव्हतं.

आधी रेल्वेची गोष्ट. अकोला ते खंडवा हा जुना मीटरगेज मार्ग. त्याचा जवळपास 39 किलोमीटरचा तुकडा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. तो ब्रॉडगेज करायचं ठरलं तेव्हा वन्यजीवप्रेमींनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून मार्ग अभयारण्याबाहेरून न्यावा अशी विनंती केली, आणि पुढे रेल्वेने पर्यायी मार्ग स्वीकारला. तो हिवरखेड, सोनाळा, जामोद असा आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून पुढे बऱ्हाणपूर जिल्ह्यात जाऊन तुकईथडला मिळतो. अंतर सुमारे 30 किलोमीटरने वाढतं. वाघाचं घर वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण वाघाच्या घरातून उचललेली रेघ कुठेतरी ठेवावी लागते, आणि नव्या रेघेजवळ माणसं राहतात.

पाड्यावर सगळेच विरोधात आहेत असंही नाही. या दोन्ही तालुक्यांत आजवर रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नांदुरा, शेगाव किंवा मलकापूर गाठावं लागतं. एक तरुण बाप म्हणाला, "गाडी आली त लेकराइले अकोल्याले शिकाले जाता येईन." त्याचं म्हणणं खरं आहे. आपला प्रश्न रेल्वे हवी की नको हा नाही. तिचा निर्णय होताना पाड्याला कोण विचारतं, हा आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. काही देशांत याचं उत्तर आकड्यांत मिळतं. इंग्लंडने 2008 मध्ये नियोजनाचा कायदा केला आणि राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प कोणता ते थेट मापून दिलं. मूळ कायद्यात जमिनीवरचं वीजकेंद्र 50 मेगावॅटच्या वरचं, विमानतळ वर्षाला निदान 1 कोटी प्रवाशांची भर घालणारा, धरण 1 कोटी घनमीटरपेक्षा जास्त पाणी अडवणारं. उंबरठ्याच्या वर गेलात की निर्णय स्थानिक नगरपालिकेच्या हातून निघून केंद्रीय मंत्र्याकडे जातो. पद्धत बरी की वाईट यावर तिथेही वाद आहेत, पण उंबरठा कुठे आहे ते सामान्य माणसाला वाचून कळतं.

त्याच 2008 साली आपल्याकडे रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि "विशेष रेल्वे प्रकल्प" हा शब्द आला. त्याची व्याख्या मी तीनदा वाचली. सार्वजनिक प्रयोजनासाठी, ठरलेल्या मुदतीत, एक किंवा अधिक राज्यांत राष्ट्रीय पायाभूत सुविधा उभारणारा, आणि केंद्र सरकारने तसा अधिसूचित केलेला प्रकल्प. झालं. किती किलोमीटर, किती कोटी, किती प्रवासी, यातलं काहीही नाही. सरकारने राजपत्रात छापलं की तो विशेष. राष्ट्रीय महामार्गाचंही तेच: 1956 च्या कायद्याप्रमाणे केंद्राने जाहीर केलेला रस्ता तो राष्ट्रीय महामार्ग. म्हणूनच आपल्या जिल्ह्यातून जाणारा, मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग एवढा प्रचंड असूनही राज्याने बांधलेला राज्याचा रस्ता आहे, आणि त्याहून कितीतरी अरुंद, आखूड रस्ते "राष्ट्रीय" आहेत. थोडक्यात, आजी, राष्ट्रीय म्हणजे मोठं नव्हे. राष्ट्रीय म्हणजे जाहीर केलेलं.

मग आपल्याकडे आकड्यांचे उंबरठे नाहीतच का? आहेत, पण बहुतेक पैशाच्या किंवा परवानगीच्या दाराशी. सिंचनाचं उदाहरण घ्या. केंद्राने 2008 मध्ये "राष्ट्रीय प्रकल्प" योजना आणली. एकाच राज्यातल्या धरणासाठी अट अशी की नव्याने किमान 2 लाख हेक्टर भिजलं पाहिजे. वैनगंगेवरचं गोसीखुर्द सुमारे अडीच लाख हेक्टरचं, ते बसलं, आणि सुरुवातीला केंद्राचा 90 टक्के निधी लागू झाला. आपल्या नांदुरा तालुक्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प सुमारे 1 लाख हेक्टरचा. तो या मापात बसत नाही. ज्यांची गावं पाण्याखाली जाणार त्यांच्यासाठी मात्र 1 लाख आणि 2 लाख यांत काडीचा फरक नाही.

पर्यावरण परवानगीच्या 2006 च्या अधिसूचनेतही उंबरठे आहेत. चालू राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा तर 100 किलोमीटरपेक्षा जास्त लांबी हा त्यातला एक. उत्तराखंडमधला चारधाम रस्ता सुमारे 900 किलोमीटरचा, पण त्याचे 53 तुकडे दाखवले गेले, हे अनेकांनी वाचलं असेल. उंबरठा आखला की कोणीतरी त्याच्या खालून वाकून जायला शिकतोच. आणि रेल्वेमार्ग? तो त्या यादीत मुळात नाहीच. जंगलाची जमीन लागली तर वनपरवानगी घ्यावी लागते, पण पर्यावरण परवानगीसाठी होणारी जाहीर जनसुनावणी रेल्वेला लागू नाही.

आता आपल्या लोकांच्या कामाचा भाग, म्हणून जरा सावकाश वाचा.

2006 चा वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला. त्याच्या कलम 3(2) मध्ये छोटा, माणसाच्या हाताला येईल असा उंबरठा आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, तळं, रस्ता, समाजमंदिर अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. यात दिल्लीला फाइल पाठवावी लागत नाही. निर्णय उपवनसंरक्षकांच्या पातळीवर होतो. आमच्या एका पाड्याला रस्ता नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर उचलून आणावं लागतं. तो रस्ता या कलमात बसतो, आणि तरी ग्रामसभेचा ठराव करून प्रस्ताव पाठवायला आम्हाला दोन वर्षं लागली. एका कार्यालयात कागद गहाळ झाले, पुन्हा पाठवले. जंगलातून कुठली रेघ कोणत्या वेगाने जाते, हे मी तेव्हापासून मोजत असते.

छोट्या रस्त्याला ग्रामसभेची शिफारस लागते, मग मोठ्या रेल्वेला तर लागतच असेल, असं मलाही वाटायचं. तसं नाही. 2009 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळती करताना ग्रामसभेची संमती सक्तीची केली होती. याच तत्त्वावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. पण त्याच वर्षी, 5 फेब्रुवारीला, मंत्रालयाने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या, रेल्वे अशा रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना या संमतीतून सूट दिली. अपवाद फक्त अतिअसुरक्षित आदिम जमातींचे मान्य हक्क बाधित होत असतील तिथला. महाराष्ट्रात त्या जमाती म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपल्याकडचे कोरकू, निहाल, भिलाला त्यात येत नाहीत.

दुसरी अडचण पेसा कायद्याची. अनेक वाचकांची समजूत असते की आदिवासी गाव म्हणजे पेसा लागू. पेसा फक्त अनुसूचित क्षेत्रात चालतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा तालुके त्या क्षेत्रात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातलं एकही गाव नाही. डोंगर तोच, जमात तीच, कधीकधी नातेवाईकही तेच. जिल्ह्याची हद्द ओलांडली की हक्क बदलतो.

इथे मला अहाब राजा आठवतो. नाबोथाचा द्राक्षमळा त्याने आधी मागितला होता, बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. म्हणजे मोबदल्याची तयारी होती, फक्त "नाही" ऐकून घ्यायची नव्हती. आपल्या कायद्यातही संमतीची टक्केवारी आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकार स्वतःसाठी घेत असेल तर ती अट नाही. शिवाय रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग यांचे स्वतंत्र कायदे त्यातून वगळलेले आहेत. 28 ऑगस्ट 2015 च्या आदेशाने त्यांनाही नव्या कायद्याचा मोबदला आणि पुनर्वसनाचे नियम लागू केले, ही चांगली गोष्ट. संमती मात्र आली नाही.

मग हातात उरतं काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही लहान नाहीत.

वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्यांची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वनात राहणाऱ्या कोणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येणार नाही. यात प्रकल्प राष्ट्रीय की स्थानिक असा भेद नाही. दुसरं, हक्क एकदा मान्य झाला की माणूस कायद्याच्या नजरेत दिसायला लागतो. 2013 च्या कायद्यातल्या "जमीनमालक" या शब्दात वनहक्क मिळालेली व्यक्ती धरली आहे. रेल्वे कायद्यातल्या "हितसंबंधित व्यक्ती"मध्येही वनहक्क कायद्याखाली मान्य झालेले पारंपरिक हक्क गमावणारे आदिवासी येतात. मान्य झालेले, हा शब्द नीट पाहा. दावा पडून असेल तर त्या माणसाला कोणी विचारायला बांधील आहे का, यावरच वाद घालत बसावं लागतं.

आणि वेळ थोडा असतो. रेल्वेची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीसाठी 30 दिवस, महामार्गासाठी 21. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आमच्या पाड्यावर एकही वर्तमानपत्र येत नाही, आणि दिवाळीनंतर अर्धी घरं कामासाठी बाहेरगावी गेलेली असतात. म्हणून अधिसूचनेची वाट न बघता आधी दावे पूर्ण करायचे, असं आम्ही ठरवलं आहे. दावेदाराचा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि निदान दोन पुरावे जोडावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही एक पुरावा धरला जातो, हे अनेकांना माहीत नसतं. ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया.

त्याच बैठकीत, सगळे उठल्यावर, आजींनी मला घरी नेलं. आढ्याला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. 1994 सालची दंडाची पावती. जंगलात अतिक्रमण करून शेती केली म्हणून त्यांच्या मालकांनी भरलेली. "हे लपवून ठेवलं होतं ताई. चोरीचा कागद हाये ना." मी म्हटलं, आजी, तुम्ही तेव्हा ते वावर करत होता याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा आहे हा, यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी जामोदला जाऊन त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक दाव्याला जोडली, एक आमच्या फाइलला, आणि तिसरी आजींनी मूळ पावतीसोबत परत डब्यात ठेवली.